वायपर बदलण्याआधी काच धुवा

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग (बीबी गट)



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर उतरवले जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप खोलून बघितले जातात. हंगामात एक बेअरिंग गेले तरी काट्यावर गाड्यांची रांग लागते, हे आपण सारे जाणतो. म्हणून जे बघायचे ते बंद काळातच बघून घ्यावे, असा कारखान्याचा शिरस्ता आहे.

हाच शिरस्ता आपण आपल्या गाडीला लावत नाही. मृग तोंडावर आला की बियाणे, खत, अवजारे यांची धावपळ सुरू होते. ट्रॅक्टरचे ऑइल बदलले जाते, टायर बघितले जातात. पण दारातली जीप, पिकअप, मोटार किंवा उसाचा ट्रक, यांच्या पुढच्या काचेकडे कोणाचे लक्ष नसते. पहिला पाऊस पडतो, वायपर चालू होतो आणि काचेवर रेघोट्या उठतात. पांढरट पडदा पसरतो. समोरून ट्रकचे दिवे आले की तो पडदा असा उजळतो, की रस्ता कुठे आणि साइडपट्टी कुठे हेच कळत नाही.

मग आपण दुकानातून नवीन वायपर आणतो, बसवतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. "साहेब, रबर नवं टाकलं, तरी रेघा काऊन येऊन राहिल्या?" हा प्रश्न गटात फिरताना पुष्कळदा कानावर येतो. ऊस सोडून शेतकी खात्याचा माणूस वायपरवर का बोलतो, असे कोणी म्हणेल. परंतु काच खराब करणारी निम्मी घाण आपल्या उसाच्याच धंद्यातली आहे आणि तिचा रस्त्यावरचा धोकाही आपल्याच माणसांना आहे.

आधी रोग ओळखा

उसाची पाने पिवळी पडली की कित्येक जण लगेच युरियाची गोणी फोडतात. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी, हे बरोबर. पण वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते. तिथे युरिया टाकून पैसा जातो आणि पिवळेपणा तसाच राहतो. वायपरचेही तसेच आहे. रेघ कशी आहे ते आधी नीट बघा.

एकाच जागी, केसासारखी बारीक रेघ दर फेरीला उठत असेल, तर त्या जागी रबराच्या धारेला खडा चिकटला आहे किंवा धार फाटली आहे.

वायपर फिरून गेल्यावर मागे पांढरट, दुधी पडदा राहतो आणि क्षणभराने विरतो, तर दोष बहुधा काचेचा आहे. काच तेलकट झाली आहे.

हातभर रुंद पट्टा पुसलाच जात नसेल, तर रबर तिथे काचेला टेकत नाही. पट्टी वाकली आहे किंवा दांडीची स्प्रिंग ढिली पडली आहे.

जाताना स्वच्छ पुसतो आणि येताना पाणी सोडतो, तर रबर उन्हात एका बाजूला वाकून तसेच कडक झाले आहे.

वायपर थरथरत, उड्या मारत चालत असेल, तर काच तेलकट आहे, रबर कडक आहे किंवा दांडी पिळली गेली आहे. या तिन्हींपैकी काहीही असू शकते.

आणि वायपर कितीही फिरवला तरी धुके हलत नसेल, तर ते काचेच्या आतल्या बाजूला आहे. तिथे वायपरचा काय दोष?

यातील दुधी पडदा ही सर्वात जास्त आढळणारी तक्रार, आणि त्यासाठीच लोक विनाकारण नवे वायपर घेतात.

तांब्याभर पाण्याची परीक्षा

काच तेलकट आहे की नाही हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. सावलीत उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर वरून तांब्याभर स्वच्छ पाणी ओता. पाणी पडद्यासारखे एकसंध खाली उतरले तर काच स्वच्छ. पाणी फुटून थेंब-थेंब झाले, मध्ये कोरडी बेटे राहिली, तर काचेवर तेलाचा किंवा मेणाचा थर आहे.

अळूच्या पानावर पाणी टाकले तर मोत्यासारखे घरंगळते, हे आपण लहानपणापासून बघतो. तणनाशक फवारताना आपण पंपात स्टिकर टाकतो ते याचसाठी. मेणचट पानावर द्रावण पसरत नाही, ते पसरावे म्हणून. तेलकट काचेवर वायपरने पाणी ओढले की मागे राहिलेला पातळ थर फुटतो आणि त्याचे हजारो बारीक थेंब होतात. समोरचा दिवा त्या प्रत्येक थेंबावर फुटतो, म्हणून सगळी काच उजळून निघते. रबर कोरे करकरीत असले तरी हे होणारच.

हा थर येतो कुठून?

एक, रस्त्यावरून. पुढच्या वाहनाचा डिझेलचा धूर आणि रस्त्यावर सांडलेले ऑइल चाकांच्या तुषाराबरोबर काचेवर येते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे महिनोन् महिन्यांचे तेल वर येते, म्हणूनच तो पाऊस चाकालाही वाईट आणि काचेलाही.

दोन, धुलाईच्या ठिकाणाहून. गाडी धुतल्यावर खालच्या बाजूला डिझेल किंवा जुने ऑइल मारण्याची पद्धत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. त्याचे तुषार काचेवर बसतात. टायर आणि डॅशबोर्ड चकचकीत करायचे सिलिकॉनचे पॉलिश ज्या फडक्याने लावले, त्याच फडक्याने काच पुसली तर दुधी पडदा पक्का समजा.

तीन, आपल्या उसापासून. फडातून भरलेल्या गाडीच्या काचेवर उसाचा रस उडतो. मळीची वाहतूक करणाऱ्यांच्या काचेवर मळीचे शिंतोडे असतात. साखर चिकट असते, तिच्यावर धूळ बसते. जाळलेल्या पाचटाचा धूरही तेलकट असतो.

चार, धुराड्यातली राख. बगॅसच्या राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे असते. उसाच्या पात्याने हात कापतो तोही सिलिकामुळेच. पात्याच्या कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर गाडी यार्डात उभी राहते, काचेवर राख पडते, पहाटे दव पडते आणि दोन्हींचा राखाडी लेप होतो. ड्रायव्हर येतो, तसाच वायपर चालू करतो. म्हणजे काचेला पॉलिश पेपर मारल्यासारखेच झाले. त्या ओरखड्यांच्या कमानी पुढे जन्मभर राहतात आणि दर रात्री समोरच्या दिव्यात चमकतात.

पाच, बोअरचे पाणी. आपल्या काळ्या पाषाणाच्या भागात पुष्कळ बोअरचे पाणी जड आहे. ते काचेवर वाळले की चुन्याचे पांढरे डाग पडतात. हाच चुना बॉयलरच्या नळ्यांत साचू नये म्हणून कारखान्यात पाणी मृदू करून घेतात. काचेसाठी एवढा खटाटोप नको, पण धुतल्यावर काच पुसून कोरडी करावी, वाळत ठेवू नये.

काच धुण्याची रीत

गाडी सावलीत घ्या आणि काच थंड होऊ द्या. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आधीच बारीक तडा असेल तर तो वाढतो.

पहिल्याने भरपूर पाणी नुसते ओतून राख, माती, खडे वाहून जाऊ द्या. या वेळी फडके लावायचे नाही. चिकट रस, मळी किंवा किडे वाळले असतील तर ओले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवा. साखर पाण्यात विरघळते, खरवडण्याची गरज नाही.

नंतर बादलीभर पाण्यात भांडी घासायचे पातळ साबण चमचाभर टाका आणि मऊ स्पंजने संपूर्ण काच चोळा. वायपर जिथे विसावतो ती खालची पट्टी विसरू नका. सगळी घाण तिथेच जमते. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिचा थर मागे राहतो. पुष्कळ पाण्याने साबण काढून टाका.

आता पुन्हा तांब्याभर पाण्याची परीक्षा घ्या. पाणी अजून फुटत असेल तर साबणाचा हात पुन्हा द्या. वर्षभराचा थर एका धुण्यात जात नाही, दोन-तीन वेळा करावे लागते. मग स्वच्छ सुती फडक्याने कोरडे करा. हे फडके काचेसाठी वेगळे ठेवा, ऑइल-ग्रीसचे नको.

चुन्याचे डाग राहिले तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने डागावर लावा, चार-पाच मिनिटे थांबा आणि धुऊन टाका. व्हिनेगर गाडीच्या रंगावर वाळू देऊ नये.

रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने काच पुसू नका. तेलाचा थर काढायला तेलच लावण्याचा हा प्रकार आहे. शिवाय ते रबराला लागले की रबर फुगते आणि मऊ पडते.

आता रबर बघा

दांडी उचलून उभी करा आणि ओल्या फडक्याची घडी धरून रबराची धार टोकापासून टोकापर्यंत पुसा. फडके काळे होईल. ते काळे येणे कमी होईपर्यंत पुसत राहा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच बारीक रेघा थांबतात.

मग नखाने धार दोन्ही बाजूंना वाकवून बघा. ती सहज वाकून सरळ झाली पाहिजे. वाकलेलीच राहिली, कडक लागली, भेगा दिसल्या, किंवा धार गोल झाली असेल तर रबराचे दिवस भरले. आपल्याकडच्या उन्हात रबर पावसाने झिजण्याआधी उन्हाने वाळते. म्हणून गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, बदललेले बरे.

रबराची धार पॉलिश पेपरने घासून 'नवी' करण्याचा उपाय काही जण सांगतात. त्याने चार दिवस बरे वाटते, पण जी तासलेली सरळ धार पाणी कापते तीच आपण घासून टाकतो. रबराला खोबरेल तेल किंवा ग्रीस लावणेही बंद करा. ते सगळे काचेवरच येते.

नवीन घेताना जुन्याची लांबी मोजून न्या. पुष्कळ गाड्यांत दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते. पट्टी चांगली असेल तर काही प्रकारांत नुसते आतले रबर मिळते, तेही चालते. बदलताना काचेवर जाड टॉवेलची घडी अंथरावी. पट्टी काढलेली नुसती लोखंडी दांडी स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटली तर काच फुटते, आणि काही रुपयांच्या रबरापायी काही हजारांचा खर्च येतो.

दांडी, फवारा आणि आतली बाजू

काच स्वच्छ, रबर नवे, तरीही थरथर किंवा कोरडा पट्टा राहत असेल तर दांडीकडे वळा. रबर काचेवर काटकोनात उभे असावे. ते एकीकडे कलले असेल तर दांडी पिळली आहे. गाडी धुणाऱ्या पोराने ओढून-ताणून असे होते. स्प्रिंग गंजली असेल, सांध्यात माती बसली असेल तर साफ करून घ्या, नाहीतर मेकॅनिककडून दांडी बदलून घ्या.

बॉनेटखालची पाण्याची टाकी बहुतेकांची कोरडीच असते. तीत गाळलेले, शक्यतो मृदू पाणी भरा. फवाऱ्याचे छिद्र बुजले असेल तर टाचणीने मोकळे करा. काचेवर राख किंवा धूळ असताना आधी फवारा आणि मग वायपर हा क्रम ड्रायव्हरला पाठच करायला लावा. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नये.

आतल्या बाजूचे धुके दोन प्रकारचे. पावसाळ्यात चार-सहा माणसे ओल्या कपड्यांनी गाडीत बसली की श्वासाचे बाष्प गार काचेवर जमते. त्याला हाताने पुसू नये, हाताचे तेल लागते. ब्लोअरचा वारा काचेवर सोडावा, एसी असेल तर लावावा, नसेल तर खिडकी थोडी उघडावी. कधी उलटे होते. एसी फार गार असला तर बाहेरच्या दमट हवेचे बाष्प काचेच्या बाहेरून जमते. ते वायपरने जाते, आणि एसी थोडा कमी केला की पुन्हा येत नाही.

दुसरा प्रकार चिवट. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून वाफ निघते, तिचा तेलकट थर आतून बसतो. गाडीत बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या काचेवर तो आणखी जाड असतो. दिवसा तो दिसत नाही, रात्री दिसतो. आतूनही काच साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने, मग साध्या ओल्या आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसावी. महिन्यातून एकदा केले तरी पुरे.

हे सगळे करूनही समोरचे दिवे तारे फुटल्यासारखे दिसत असतील, तर काचेला वाळू-खड्यांचे बारीक टोचे पडले आहेत. त्याला धुणे-पुसणे उपयोगाचे नाही, काच बदलणे हाच इलाज.

एका बाईची युक्ती

गाडीची काच पुसण्याची ही युक्ती अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी काढली. न्यूयॉर्क शहरात थंडीच्या दिवसांत ट्रामचा चालक समोरचे दिसावे म्हणून काच उघडून बर्फाचा मारा तोंडावर घेत होता, हे त्यांनी पाहिले. आतून दांडी फिरवायची आणि बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, अशी रचना त्यांनी केली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. पुढे एका कंपनीला ते देऊ केले तेव्हा 'याला व्यापारी किंमत नाही' असे उत्तर आले. आज आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार, जीप, ट्रक यांना चांगला चालणारा वायपर सक्तीचा आहे, आणि पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असेही नियम सांगतो. काच पारदर्शक असली पाहिजे हे कायद्याला कळते. ती रोज पारदर्शक ठेवणे हे मात्र आपल्याच हाती आहे.

रेघोटीच्या पलीकडे कोण आहे?

आता मुख्य गोष्ट. बीबीवरून जाणारा नागपूर ते छत्रपती संभाजीनगर हा जुना मार्ग आपल्या रोजच्या वहिवाटीचा. सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, सिंदखेडराजा असा तो जातो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. पण ट्रॅक्टर, दुचाकी आणि बैलगाडी यांना त्यावर प्रवेश नाही. त्यांची वाट जुन्याच रस्त्यांवरून, आणि त्याच रस्त्यांवर आपल्या जीपा आणि ट्रक.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालली तर ती सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोरच्या दिव्याने रेघाळलेली काच उजळली आणि दोन सेकंद काही दिसले नाही, तर ३३ मीटर आपण आंधळेपणाने गेलो. त्या ३३ मीटरांत काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. उसाने भरलेली टायरगाडी असते, मागे दिवा नसलेली. उसाच्या मोळ्यांवर गाडीवान बसलेला असतो, कधी त्याची बायको आणि झोपलेले लेकरू असते. साइडपट्टीवर पंक्चर काढायला थांबलेली ट्रॉली असते. ही माणसे घरदार सोडून आपला ऊस तोडायला आलेली असतात. पावसाळ्यात त्याच जागी पाण्याच्या पाळीवरून सायकलने परतणारा आपल्याच गावचा गडी असतो.

म्हणून दोन्ही बाजूंनी काम व्हावे. ज्यांच्या ट्रॉल्या आणि गाड्या आहेत त्यांनी मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात आणि उसाच्या वाढ्यांखाली त्या झाकल्या जाणार नाहीत एवढे बघावे. ज्यांच्या जीपा, मोटारी, ट्रक आहेत त्यांनी काच आणि वायपर ठीक ठेवावेत. पट्टी चमकली तरी बघणाऱ्याची काच दुधी असेल तर तिचा काय उपयोग?

थोडक्यात

१. रेघ कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा, मगच खर्च करा.
२. आधी काच धुवा, मग रबर पुसा, मग दांडी तपासा. नवीन वायपर सर्वात शेवटी.
३. राख किंवा धूळ असलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवू नका.
४. रॉकेल, डिझेल, ग्रीस आणि पॉलिशचे फडके काचेपासून दूर ठेवा.
५. काच आतूनही पुसा.
६. पाण्याची टाकी भरलेली ठेवा.

या सर्वाला एक सकाळ, एक बादली पाणी आणि चमचाभर साबण लागते. वर्षातून दोनदा हे काम नेमाने करावे. एकदा मृगाच्या आधी, आणि दुसऱ्यांदा मोळीपूजनाच्या आधी. ज्यांची वाहने ऊस वाहतुकीला करारावर आहेत त्यांनी ड्रायव्हरवर न सोडता स्वतः एकदा रात्री गाडीत बसून समोरच्या दिव्यात काच बघावी, अशी विनंती आहे.

सर्व सभासदांना येता खरीप आणि येता गळीत हंगाम सुखाचा जावो.